‘करून टाक’ : पहिल्याच निवडणुकीतल्या एका प्रचारटीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

निवडणूक स्थानिक पातळीवरची होती. उमेदवार पन्नाशीतल्या शिक्षिका, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या आणि त्याही अपक्ष. ओळख पटू नये म्हणून काही आकडे आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. मतदानाला एकोणीस दिवस उरले असताना मध्यरात्रीनंतर मला एक फोन आला आणि प्रचाराचं समाजमाध्यमावरचं पान चोरीला गेल्याच्या या प्रकरणात मी ओढला गेलो. प्रचारप्रमुख माझे जुने परिचित. मी संगणक सुरक्षेचं काहीतरी करतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मुख्य माणसं पाच. उमेदवार, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, प्रचारप्रमुख, खजिनदार, स्वयंसेवकांची वाटणी बघणाऱ्या एक ताई, आणि समाजमाध्यमं सांभाळणारा कॉलेजातला मुलगा. त्याशिवाय चाळीसेक स्वयंसेवक. पक्षाच्या उमेदवारामागे निदान कार्यालय असतं, जुना अनुभव असतो, कुणीतरी आधी पोळलेला असतो. इथे तसं काहीच नव्हतं. दोन-तीन महिन्यांसाठी उभी राहिलेली ही एक कंपनीच होती. फरक इतकाच, की कंपनीत रुजू होताना कुणीतरी तुमचे कागद तरी बघतं.

या टीमची कोणती गोष्ट कशावर उभी होती, ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मॅडमचा वैयक्तिक ईमेल अकरा वर्षांचा होता. शाळा, बँक, नातेवाईक आणि आता प्रचार, सगळं त्याच पेटीत. प्रचारासाठी वेगळा ईमेल काढला होता, पण त्याचा पासवर्ड म्हणजे मॅडमचं नाव आणि पुढे निवडणुकीचं वर्ष. तो सगळ्यांना सापडावा म्हणून चॅट ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवलेला. समाजमाध्यमावरचं पान त्या मुलाने स्वतःच्या खात्यातून काढलं होतं आणि ॲडमिन तो एकटाच होता. रात्री-अपरात्री दुसऱ्या कुणाला पोस्ट टाकता यावी म्हणून त्याने स्वतःच्या खात्यालाही तोच पासवर्ड लावला होता. त्या खात्यावर सहा अंकी कोडचं कुलूप होतं. म्हणजे कुणाला आत शिरायचं असलं की तो मुलाला फोन करायचा आणि मुलगा कोड वाचून दाखवायचा. दिवसातून दोन-तीनदा. कोड मागितला की द्यायचा, ही सवय टीमने स्वतःच त्याला लावली होती.

मतदारांची शीट ऑनलाइन होती आणि लिंक ज्याच्याकडे असेल त्याला ती उघडत होती. तीत सुमारे सहा हजार नावं, पत्ते, फोन नंबर आणि शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता. घरोघरी जाऊन आलेले स्वयंसेवक त्यात मनाला येईल ते लिहीत. ‘नक्की आपल्या’, ‘नवरा-बायकोत मतभेद’, ‘मुलगा दवाखान्यात, पुन्हा जाऊ नये’. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, मुलाच्या एका मित्राच्या नावावर होतं, कारण त्या दिवशी त्याचं कार्ड चाललं.

यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने केली नव्हती. सगळ्या घाईत झाल्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीने त्या-त्या दिवशी काम भागवलं होतं.

काय घडलं

गुरुवारी रात्री अकरा चाळीसला पानाच्या इनबॉक्समध्ये एक संदेश आला. पाठवणाऱ्याचं नाव एखाद्या मदत केंद्रासारखं, चित्रही तसंच. तुमच्या पानावर दुसऱ्याचं संगीत विनापरवाना वापरल्याची तक्रार आहे, २४ तासांत पडताळणी केली नाही तर पान कायमचं बंद होईल, खालच्या लिंकवर जा, असा मजकूर. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी पदयात्रेचा एक व्हिडिओ गाणं लावून टाकला होता, त्यामुळे तक्रार खरी वाटण्यासारखी होती.

मुलाने आधी विचारलं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. त्याने संदेशाचा फोटो काढून प्रचारप्रमुखांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, काय करू?’ प्रचारप्रमुख तेव्हा एका बैठकीत होते. त्याआधी पाचच मिनिटांपूर्वी त्याच मुलाने त्यांना पत्रकाचा नमुना पाठवला होता. फोटो न उघडताच, पत्रकाबद्दलच विचारतोय असं समजून, त्यांनी उत्तर दिलं: ‘करून टाक.’

अकरा बावन्नला मुलाने त्या लिंकवर उघडलेल्या खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला. मग पानाने सहा अंकी कोड मागितला, तोही टाकला. असा कोड साधारण ३० सेकंद टिकतो, तेवढ्यात चोर काय करणार, असं पुष्कळांना वाटतं. पण खोटं पान म्हणजे मधल्यामध्ये उभा असलेला दलाल असतो. तुम्ही इकडे लिहिलेला पासवर्ड आणि कोड तो त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतो. त्याला तीस सेकंद पुरून उरतात.

बारा वाजून पाच मिनिटांनी मुलगा स्वतःच्याच पानाचा ॲडमिन राहिला नव्हता. थोड्या वेळाने पानाचं नाव बदललं आणि त्यावर स्वस्त गॉगलच्या जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातींचे पैसे मुलाच्या नोंदवलेल्या कार्डावरून जात होते. दुसऱ्या दिवशी एका मतदाराने मॅडमना अगदी सरळपणे विचारलं, की शाळा सोडून चष्म्याचं दुकान काढलंत का.

२०१६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांचा ईमेल चोरांच्या हाती गेला, त्याची इथे आठवण होते. त्या वर्षीच्या १९ मार्चला त्यांना गुगलच्या नावाने पासवर्ड बदलण्याची सूचना आली. तिथेही आधी विचारणा झाली होती. मदतनीसाने उत्तरात ती सूचना ‘खरी’ असल्याचं लिहिलं, सोबत बरोबर लिंक दिली आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा असंही सांगितलं. त्याचं म्हणणं, आपल्याला ‘खरी नाही’ असं लिहायचं होतं. क्लिक मात्र झालं ते मूळ संदेशातल्याच लिंकवर, आणि पुढे पन्नास हजारांहून जास्त ईमेल बाहेर आले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट हुकली. शंका आलेल्या माणसाने विचारलं, पण विचारण्याची वाट इतकी अरुंद होती की उत्तर चुकीचं पोचलं. म्हणून ‘कर्मचाऱ्यांना सावध राहायला शिकवा’ हा सल्ला मला नेहमी अपुरा वाटतो. हा मुलगा सावधच होता.

पहिले दोन तास

मला फोन आला तो एक वाजून दहा मिनिटांनी. सगळ्यांचं लक्ष पानावर होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. अब्रू जात होती ती तिथेच, चारचौघांत. प्रचारप्रमुखांनी विचारलं, ‘पान परत कसं मिळवायचं ते आधी सांग.’ मी म्हटलं, पान राहू द्या, ईमेल बघू. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. घराला आग लागलीय आणि हा मागच्या दाराची कडी बघतोय, असंच त्यांना वाटलं असणार.

हा पहिला निर्णयाचा क्षण. माझं कारण साधं होतं. चोरीला गेलेलं पान आज मिळालं काय आणि उद्या मिळालं काय, नुकसान जे व्हायचं ते दिसत होतं. ईमेल मात्र सगळ्या किल्ल्यांची किल्ली. बाकीच्या प्रत्येक खात्याचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतं. प्रचाराचा ईमेल पानावर जाहीर लिहिलेला होता आणि पासवर्ड तोच होता, त्यामुळे चोरांना फक्त तो वापरून बघायचा होता.

त्यांनी तो वापरला होता. बारा चाळीसला एका अनोळखी यंत्रावरून लॉगिन झालं होतं. आत एक नियम बसवलेला सापडला: ज्या पत्रात बिल, खातं, पेमेंट असे शब्द असतील, त्याची प्रत एका परक्या पत्त्यावर जावी. असा नियम पासवर्ड बदलला तरी जात नाही. चोर बाहेर गेल्यावरही खिडकी उघडीच राहते. म्हणून पासवर्ड बदलला की काम संपलं असं कधीच समजू नये. चालू असलेली सगळी लॉगिन बंद करायची, पत्रं पुढे पाठवणारे नियम बघायचे, खात्याला जोडलेली बाहेरची ॲप बघायची, परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि ईमेल आपलाच आहे का ते बघायचं.

तो शेवटचा मुद्दा तपासताना माझ्या पोटात गोळा आला. मॅडमच्या अकरा वर्षं जुन्या ईमेलचा पासवर्ड वेगळा होता, चांगला होता. पण ते खातं परत मिळवण्यासाठी पर्यायी पत्ता म्हणून कुणीतरी प्रचाराचा ईमेल देऊन ठेवला होता. कचरापेटीत एक वाजून दोन मिनिटांचं पासवर्ड बदलण्याचं पत्र सापडलं, वाचलेलं. मॅडम झोपल्या होत्या. उशाशी असलेल्या फोनवरून त्यांचं खातं बाहेर पडलं होतं, ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं. त्यांना उठवलं, फोन नंबरच्या आधाराने खातं परत घेतलं. तेव्हा एक सदतीस झाले होते. चोर आत होता एक चारपासून एक सदतीसपर्यंत, म्हणजे तेहेतीस मिनिटं.

तेहेतीस मिनिटांत अकरा वर्षांची पेटी पूर्ण उतरवता येईल का? बहुधा नाही. त्यातलं कामाचं निवडून नेता येईल? येईल. यापलीकडे आम्हाला काही ठरवता आलं नाही.

या दोन तासांत दोन चुका झाल्या, त्यांतली एक माझी. तो पत्रं पुढे पाठवणारा नियम दिसताच मी घाईने पुसून टाकला. परका पत्ता मला अर्धवटच आठवत होता आणि फोटो काढलेला नव्हता. हातातला एकमेव धागा मीच फेकला. त्यानंतर मात्र आधी फोटो, मग हात लावायचा, असं चाललं. दुसरी चूक सगळ्यांची. पहिला अर्धा तास ही सगळी चर्चा त्याच एक्केचाळीस जणांच्या चॅट ग्रुपवर चालली होती. मी सदस्यांची नावं वाचून दाखवली तेव्हा तीन नंबर कुणालाच ओळखता आले नाहीत. ते कुणी शत्रू होते असं नाही, कुणाचे तरी भाऊ-मित्र असावेत. पण पुढचं बोलणं पाच जणांच्या नव्या ग्रुपवर, आणि त्यातही प्रत्येकाला आधी फोन करून, आवाज ओळखून आत घेतलं.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी सकाळी आठला बसलो. प्रश्न तंत्राचा उरला नव्हता. लोकांना काय सांगायचं?

प्रचारप्रमुखांचं मत ठाम होतं. हे विरोधकांनीच केलंय, पत्रकार परिषद घ्यायची, सहानुभूती मिळेल. खजिनदारांचं मत त्याच्या अगदी उलट. काहीही बोलायचं नाही. ज्यांना स्वतःचा ईमेल सांभाळता येत नाही, ते लोकांचं काय सांभाळणार, असं विचारतील. दोन्हींत तथ्य होतं, म्हणून चर्चा लांबली.

विरोधकांचं नाव घेण्याविरुद्ध माझा मुद्दा नीतीचा कमी आणि पुराव्याचा जास्त होता. गॉगलच्या जाहिराती आणि बिलांच्या पत्रांवर डोळा, हे पैशांसाठी पानं चोरणाऱ्यांचं नेहमीचं वागणं. राजकीय शत्रूला पान हवं असतं, तर त्याने त्यावर गॉगल विकले नसते. शिवाय चोर कोण हे सांगणं अतिशय कठीण असतं. २०१६च्या त्या प्रकरणात रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झालं ते १३ जुलै २०१८ला. मागे अख्खी सरकारी तपासयंत्रणा असून दोन वर्षांहून जास्त काळ लागला. आमच्याकडे एक रात्र आणि काही फोटो होते.

गप्प बसण्याविरुद्धचा मुद्दा मॅडमनीच मांडला. ‘पान बघितलेल्यांना कळलंच आहे. आता फक्त आपण सांगतोय का ते बघतील.’

शेवटी चार ओळींचं निवेदन ठरलं. काल रात्री आमचं पान आमच्या ताब्यातून गेलं, त्यावरच्या जाहिराती आमच्या नाहीत. आमच्या नावाने कुणी पैसे किंवा कोड मागितला तर देऊ नका. खरी माहिती वेबसाइटवर मिळेल. हे कुणी केलं ते आम्हाला माहीत नाही. शेवटचं वाक्य काढून टाकावं असा आग्रह झाला होता. मॅडमनी ते ठेवलं. माझ्या मते त्या निवेदनातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं, कारण त्यानंतर कुणी आरोप-प्रत्यारोपाला फारसं उतरलंच नाही.

नवं पान काढायचं की जुन्याची वाट पाहायची, यावर मात्र दहा मिनिटांत निर्णय झाला. नवं काढलं की खरं कोणतं हा गोंधळ आम्हीच घालणार होतो. वेबसाइट आमची होती (म्हणजे, त्या मित्राची होती), तीवरच सगळं टाकायचं ठरलं.

पेटीत काय होतं

या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला भाग हा.

मॅडमच्या ईमेलमधलं काही बाहेर आलं तर? फ्रान्समध्ये २०१७ साली इमान्युएल माक्राँ यांच्या प्रचाराचे चोरलेले ईमेल ५ मेच्या रात्री प्रसिद्ध झाले. मतदान ७ मेला होतं आणि काही तासांतच प्रचारबंदी लागणार होती. त्यांच्या टीमने मध्यरात्र होण्याआधी निवेदन काढून सांगितलं, की चोरी झाली आहे आणि खऱ्या कागदांत खोटे मिसळलेले आहेत. इतक्या थोड्या वेळात हे सांगता आलं ते त्यांनी असा दिवस गृहीत धरला होता म्हणून. आपल्यावर फिशिंग, म्हणजे खोटे संदेश आणि पानं दाखवून पासवर्ड काढून घेण्याचा प्रकार, चाललंय हे ठाऊक असल्याने त्यांनी चोरांच्या खोट्या पानांवर मुद्दाम बनावट नावं आणि पासवर्ड भरून त्यांचा वेळही खाल्ला होता. तो खटाटोप आमच्या आवाक्यातला नव्हता. पण बाहेर काय येऊ शकतं ते आधी स्वतः बघून ठेवणं, हे जमण्यासारखं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम आणि स्वयंसेवकांचं बघणाऱ्या ताई दार लावून बसल्या आणि पेटी चाळू लागल्या. मी त्या खोलीत नव्हतो, नसावंच. साडेतीन तासांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एका कागदावर सहा गोष्टी लिहिलेल्या होत्या. पाच किरकोळ. सहावी म्हणजे सात वर्षांपूर्वी एका सहकारी शिक्षिकेबद्दल बहिणीला लिहिलेलं पत्र. बोलायला कडू, आणि आता ती सहकारी मॅडमसाठी घरोघरी फिरत होती.

प्रचारप्रमुख म्हणाले, आलंच बाहेर तर बघू. मॅडम म्हणाल्या, आज रात्रीच तिला फोन करते. त्यांनी केला. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला हजर होती.

काय केलं

शनिवारी दुपारी खजिनदारांना छपाईवाल्याचं पत्र आलं. आमचं बँक खातं बदललं आहे, उरलेली रक्कम नव्या खात्यात भरा. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, बोलण्याची ढबसुद्धा त्याचीच. चोरांनी त्या रात्री पेटीत शिरून जुनी पत्रं वाचलेली होती. पैसे वाचले, पण त्याचं श्रेय कोणत्याही सुरक्षेला देता येणार नाही. खजिनदार स्वभावानेच असे, की फोनवर दोन वाक्यं भांडल्याशिवाय कुणाचे पैसे सोडायचे नाहीत. त्यांनी वहीतल्या जुन्या नंबरावर फोन लावला आणि छपाईवाला म्हणाला, कुठलं नवीन खातं? मग त्यांच्या या तिरसटपणाचाच आम्ही नियम केला. खातं बदलल्याचं कुणीही कळवलं, तरी आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरावर बोलल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पत्रात दिलेल्या नंबरावर फोन करून खात्री करायची नाही, कारण तो नंबरही चोरानेच लिहिलेला असतो.

पाच जणांसाठी दहा सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना फोनला किंवा संगणकाला लावायच्या छोट्या किल्ल्या, घेतल्या, प्रत्येकी दोन, एक खिशात आणि एक घरी. सहा अंकी कोडपेक्षा ही बरी का, हे मला सगळ्यांना समजवावं लागलं. कोड तुम्ही वाचता आणि तुम्हीच कुठेतरी टाइप करता, म्हणून तुम्हाला फसवून तो काढून घेता येतो. ही किल्ली वेबसाइटचा पत्ता स्वतः तपासते. पत्ता खऱ्या ठिकाणचा नसेल तर ती उत्तरच देत नाही, मग तुम्ही कितीही फसलेले असा. गुगलने २०१८ साली सांगितलं होतं, की ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यापासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेल्याची नोंद नाही. फोनमध्येच असणारी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, याच तत्त्वावर चालते, आणि ज्यांना वेगळी वस्तू सांभाळणं नको, त्यांना ती पुरेशी आहे.

मॅडमनी किल्ली घ्यायला आधी नकार दिला. पदर, पर्स, पत्रकं, चष्मा, त्यात आणखी एक गोष्ट कुठे ठेवू? हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दिवसाला दोनशे घरं चढणाऱ्या माणसाला तुमच्या व्यवस्थेचा त्रास झाला, तर तो तिसऱ्या दिवशी वाट काढतोच. शेवटी एक किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. प्रचाराचा ईमेल त्यांच्या फोनवरून पूर्ण काढून टाकला. त्यांना तो लागतच नव्हता, उत्तरं नाही तरी ताईच लिहीत होत्या. माझ्या मते पंधरा दिवसांतला हा सगळ्यात चांगला बदल: उमेदवाराला सुरक्षित करण्यापेक्षा उमेदवाराकडचं ओझं कमी केलं.

शीटची उघडी लिंक बंद केली. प्रत्येक स्वयंसेवकाला फक्त त्याच्या भागाची यादी, तीही त्याच्या स्वतःच्या खात्यावर. ‘शेरा’ रकाना काढून टाकायला मी सांगितलं, तेव्हा मात्र वादावादी झाली. त्यांच्या दृष्टीने तीच तर दोन महिन्यांची कमाई होती. अखेर रकाना राहिला, पण मोकळं लिहिणं बंद झालं आणि चार ठरलेले पर्याय आले. आजारपणाच्या, भांडणाच्या नोंदी पुसल्या.

परिणाम

पान नवव्या दिवशी परत मिळालं. ओळखपत्र, मूळ मालकीचे पुरावे, तीन वेगवेगळ्या अर्जांवर तीन वेगवेगळी उत्तरं, असा तो प्रवास. परत आलं तेव्हा दोन ॲडमिन नेमले, आणि दोघांनीही आपापल्या खात्यांचे पासवर्ड आपल्यापाशीच ठेवले. जाहिरातींचे पैसे बँकेने मुलाला परत केले. त्याआधी खजिनदारांनी निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवून ठेवलं, की त्या काळातला जाहिरातींचा खर्च आमचा नाही. प्रचारखर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि आपल्या पानावरून गेलेली जाहिरात आपल्याच माथी येऊ शकते, हे एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ईमेलमधलं काहीही बाहेर आलं नाही. निकाल काय लागला ते मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि लिहिला की प्रत्येक जण तो जोडणारच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट आम्ही केलीच नाही. शीटमधल्या सहा हजार लोकांना काही कळवलं नाही. देणगीदारांना सांगितलं, स्वयंसेवकांना सांगितलं, पण ज्यांची नावं आणि शेरे होते त्यांना नाही. तेव्हाचं आमचं कारण असं: शीट चोरीला गेल्याचा पुरावा नाही. खरं आहे. पण लिंक प्रचाराच्या ईमेलमधल्या पत्रांत होती आणि ती कुणालाही उघडत होती, त्यामुळे चोरीला न गेल्याचाही पुरावा नव्हता. युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्यात लोकांच्या माहितीला धोका संभवत असेल तर कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं. धोका मोठा असेल तर त्या लोकांनाही. कायदा कोणताही लागू असो, स्वतःला विचारायचा प्रश्न तोच. आम्ही तो मतदानानंतरवर ढकलला, आणि मतदानानंतर कुणी विचारला नाही. त्या बैठकीत मीही होतो. मला आग्रह धरता आला असता.

मुलाच्या बाबतीतही उशीर झाला. पहिले दोन दिवस सगळे त्याच्याशी तुटक वागले. तो घरी निघून गेला होता, फोन उचलत नव्हता, आणि पान परत मिळवायला लागणारी निम्मी माहिती त्याच्याच डोक्यात होती. प्रचारप्रमुखांनी रविवारी सगळ्यांसमोर ‘करून टाक’चा संदेश स्वतःच वाचून दाखवला, तेव्हा तो परत आला. हे शुक्रवारी सकाळीच व्हायला हवं होतं. चूक सांगितली की बोलणी बसतात असं दिसलं, तर पुढच्या वेळी क्लिक करणारा माणूस ती लपवतो. इथे मुलाने तासाभरात सांगितलं म्हणूनच एक सदतीस वाजले, नाहीतर सकाळ उजाडली असती.

विचारायचं कुणाला, हेही आधी ठरलेलं असतं तर? नंतर आम्ही साधी रीत घातली. शंका असली तर लिहायचं नाही, फोन करायचा, आणि तीनपैकी एकाने तरी तो कोणत्याही बैठकीत उचलायचा. उमेदवारी जाहीर करण्याआधी एक दुपार काढली असती, तर हे आणि खात्यांच्या मालकीचं सगळं काम शांतपणे उरकलं असतं. एकोणीस दिवस उरलेले असताना त्यालाच चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत किती घरं राहिली ते ताईंच्या वहीत आहे.

आवरायचं कसं, याचाही विचार झाला नव्हता. मोजणीनंतर पाचेक आठवडे स्वयंसेवकांचे सगळे प्रवेश तसेच चालू होते. मी आठवण केल्यावर ताईंनी एका संध्याकाळी बसून एकेक बंद केला, यादी पुसली, प्रचाराचा ईमेल खजिनदारांच्या ताब्यात दिला, कारण हिशेबाचे कागद त्यात होते. डोमेन मॅडमच्या नावावर करून घ्यायचं मात्र राहिलं. मुलाचा तो मित्र दुसऱ्या शहरात गेला आहे, फोनला उत्तर देत नाही, आणि वर्षाची मुदत येत्या काही महिन्यांत संपते. पत्रकांवर, फलकांवर, त्या चार ओळींच्या निवेदनातही तोच पत्ता छापलेला आहे.